वाकड्या बाणाचं मांस

काशेचा नेम लागला की गर्दी दाबेच्या झोपडीपुढे व्हायची.

यात चूक कुणाचीच नव्हती. रीतच तशी होती, आणि ती काशेच्या आजोबांच्या आजोबांनाही जुनीच वाटली असणार. जनावर कुणी मारलं याला वस्तीत फारसा अर्थ नव्हता, ते कुणाच्या बाणाने मेलं एवढंच विचारायचं. ज्याचा बाण त्याचं मांस, आणि वाटायचंही त्यानेच. म्हणून शिकारी एकमेकांचे बाण मागून नेत, बाण भेट देत, आणि एकेका भात्यात चार घरचे बाण पाहुण्यांसारखे नांदत. भात्यातून कोणता बाण उपसायचा हे ठरवताना शिकारी संध्याकाळी मांस कुणाच्या दारात पडणार तेही ठरवत असे.

काशेसारखा नेमबाज त्या वाळूच्या मुलखात दुसरा नव्हता. चिमूटभर वाळू सोडून वारा बघत, धनुष्य पुढे ढकलत, गुडघ्यांवर सरपटत तो जनावराच्या इतका जवळ जाई की काशेला त्याच्या पोटातली गुरगुर ऐकू येई. पण बाण करणं त्याच्या हातात नव्हतं. बोरूची काडी गरम राखेत शेकून सरळ करायची, तर शेकायच्या आधीच याचा धीर सुटायचा. कुंपणाची तार ठोकून टोक करायचं, तर ते कुत्र्याच्या जिभेसारखं एका बाजूला लोंबायचं. मग तो निमूट साडूकडे जाई.

साडू म्हणजे दाबे. काशेच्या बायकोची, सागाईची, थोरली बहीण तिनाय ही दाबेला दिलेली. दाबेचा बाण म्हणजे सकाळच्या उन्हाची तिरीप. दाबे काडी मांडीवर फिरवून बघे, एक डोळा मिटून बघे, मग दातांत धरून किंचित वाकवे आणि पुन्हा मांडीवर फिरवे. झुडपाच्या मुळाशी खणून काढलेल्या किड्यांचं विष तो टोकाच्या मागे, दांडीला, असं लावे की बघणाऱ्याला वाटावं आई बाळाला काजळ लावतेय.

मात्र स्वतः दाबेने मारलेला बाण कायम डावीकडे जाई. लहानपणी मधाच्या पोळ्यासाठी झाडावर चढून तो खाली आला होता, तो पोळ्याच्या आधी. तेव्हापासून त्याचं कोपर ऐन वेळी झटका देई. म्हातारा बो म्हणायचा, "दाबे आला तर हरणं उठतसुद्धा नाहीत. फक्त डावीकडची तेवढी उठतात."

"मग उजवीकडे धरून मारत जा," असं त्याला कुणीतरी सुचवलंही होतं. दाबेने प्रामाणिकपणे उजवीकडे धरून पाहिलं. त्या दिवशी कोपराने झटका दिला नाही.

तर असं चाललेलं. नेम काशेचा, बाण दाबेचा. काशे उन्हातान्हात गुडघे सोलून यायचा आणि दाबे सावलीत बसून म्हणायचा, "ही मांडी आत्याकडे. ही बरगडी त्या नव्या सुनेला, तिला दिवस गेलेत. काशे, तू थकलायस, तुला काळीज." हे तो इतक्या मायेने म्हणे की काशेला ते काळीज घशाखाली उतरत नसे. उतरे, पण चव लागत नसे.

हेही एक वेळ चाललं असतं. खरं कुसळ वेगळंच होतं. ते म्हणजे सासू.

ख्वाना म्हातारीशी तिचे दोन्ही जावई बोलत नसत, कारण जावयाने सासूशी बोलायचं नसतं. तिनेही जावयाशी बोलायचं नाही. पण तिला बोलायचं तर पुष्कळ असे. म्हणून ती आपल्या काळ्या किटलीशी बोले. चहा उकळताना ती किटलीला जे सांगे ते साऱ्या वस्तीला ऐकू जाई, आणि किटलीने आजवर तक्रार केली नव्हती.

आता, शिकार चांगली असली की तिला नावं ठेवायची, हा त्या लोकांचा शिष्टाचार. तरण्या माणसाने मोठं जनावर पाडलं आणि चार जणांनी त्याला वाहवा म्हटलं, तर त्याची मान ताठ होते आणि ताठ मानेचा माणूस शेजारी म्हणून वाईट. तेव्हा जितकं जनावर मोठं तितकी नावं मोठी. "हे काय आणलंस, हाडांचं गाठोडं?" असं कुणी म्हणालं की शिकारी मनातल्या मनात फुलतो आणि तोंडाने म्हणतो, "खरंय, टाकून देऊ." ज्याला कुणी नावं ठेवत नाही, त्याने समजावं की आपली दखलच घेतली गेली नाही.

आणि ख्वाना म्हातारीने काशेच्या शिकारीला एकदाही नाव ठेवलं नव्हतं.

दाबेच्या बाणांना मात्र ती मनसोक्त ठेवायची. "काय ग किटले, आमच्या थोरल्या जावयाचे बाण बघितलेस? चहा ढवळायला घ्यावेत म्हटलं तर तेवढेही कामाचे नाहीत." दाबे हे ऐकून लाजून खाली बघे. काशेला वाटे, उठावं आणि ती किटली दूर फेकून द्यावी.

"तुला झालंय तरी काय?" सागाई एकदा विचारती झाली. "गेल्या खेपेला एवढा मोठा रानबैल पाडलास, आणि तोंड असं की दात दुखतोय."

"तुझी आई काय म्हणाली त्यावर?"

"काही नाही."

"तेच विचारतोय. काही नाही का?"

"अरे, ती म्हणाली मांस मऊ शिजलं."

काशेने कूस बदलली. मऊ शिजलं. म्हणजे कौतुक तिनायच्या चुलीचं.

त्याने मग ठरवलं की आपल्या बाणाने जनावर पडलं पाहिजे. मांस आपण वाटायचं, आपल्या हातचा तुकडा सासूकडे जायचा, आणि मग बघू म्हातारी किटलीला काय सांगते. तो झटून बाण करायला बसला. रोज वाळूत एक रानटरबूज ठेवून त्यावर ते मारून पाही. दाबेच्या बाणाने तो टरबुजाचं देठ उडवी, आणि स्वतःच्या बाणाने टरबुजाच्या आसपासचा मुलूख. त्याचा प्रत्येक बाण आपल्या परीने वाकडा होता. एक वर जाई, एक खाली बसे, एक तर इतका ठामपणे उजवीकडे वळे की त्याला तिकडे काही काम असावं.

एकदा तर त्याने ऐन शिकारीत हा प्रयोग केला. भाल्यासारख्या शिंगांचं मोठं जनावर समोर आडवं उभं. हात दाबेच्या बाणाकडे गेला होता. काशेच्या डोळ्यांपुढे दाबे आला, सावलीतला, मायेने काळीज देणारा. काशेने हात मागे घेतला आणि स्वतःचा बाण लावला. बाण गेला तो एका वारुळात घुसला. वस्तीने त्या दिवशी मक्याची पेज खाल्ली.

"पोरा, वारूळ कुणाच्या वाट्याला जाणार?" बो म्हातारा पेज भुरकत म्हणाला. "वाटायचं असेल तर मला मऊ बाजू दे. दात नाहीत."

त्यानंतर काशेने दुसरी वाट धरली. आपल्याला नाही तर नाही, दुसऱ्या कुणाला तरी आपला बाण द्यावा. त्याने तो मारला तरी मांस आपलंच. तो आपली जुडी घेऊन झोपडी झोपडी हिंडला. भेट नाकारायची नाही अशी रीत असल्याने कुणी नाही म्हटलं नाही. एकाला अचानक खोकला झाला. एकाचा भाता भरलेला निघाला. एकाने बाण हातात घेतला, आदराने मागेपुढे पाहिला आणि म्हणाला, "याने पाठ छान खाजवता येईल."

राहता राहिला दाबे.

"बस, साडू," दाबे म्हणाला. "आण इकडे."

त्याने जुडी सोडली. एकेक बाण मांडीवर फिरवला, एक डोळा मिटून उन्हाकडे धरून पाहिला, खाचेत नख घालून पाहिलं. काशे मान वळवून बसला होता, पण एक डोळा त्याचाही तिथेच होता. त्यातल्या त्यात बरे दोन बाण दाबेने बाजूला ठेवले. वर जाणारा ठेवला. खाली बसणारा ठेवला. आणि तो उजवीकडे काम असलेला बाण उचलून पुन्हा फिरवला, पुन्हा पाहिला, आणि म्हणाला, "हा घेतो."

"त्याच्यापेक्षा ते दोन बरे आहेत, साडूबुवा."

"दिसताहेत की. पण मला हाच दे. खाच पक्की आहे, एकाच बाजूने बसते. असा मला करता येत नाही."

काशे घरी आला तो धुमसत. "मुद्दाम," तो सागाईला म्हणाला. "सगळ्यात वाकडा उचलला. वर म्हणतो, मला असा करता येत नाही."

"मग नावं ठेवली म्हण की. तुला तर तेच हवं होतं."

"ही ती नावं नव्हेत," काशे म्हणाला. पण मग ती कुठली, हे त्याला सांगता येईना.

काही दिवसांनी दाबे दुपारीच एकटा बाहेर पडला आणि दिवस मावळायला परत आला. आपल्या शेकोटीपाशी बसला. कुणाशी बोलला नाही. ज्याला शिकार मिळते त्याने असंच यायचं असतं, गुपचूप, चेहरा पाडून. मग कुणीतरी विचारायचं, काही दिसलं का, आणि याने म्हणायचं, छे, एक लहानसं होतं. की समोरच्याने ओळखायचं आणि पहाटे माणसं जमवायची. पण दाबे गेली कित्येक वर्षं असाच गुपचूप येऊन चेहरा पाडून बसत होता, कारण खरोखरच काही मिळालेलं नसायचं.

"काय रे, दिसलं काही?" बोने रिवाज म्हणून विचारलं.

"छे. एक लहानसं होतं. बाण जरासा चाटून गेला."

"डावीकडून ना?" बो म्हणाला, आणि सगळे आपापल्या चहाकडे वळले.

"सकाळी कुणी गोरखचिंचेच्या अंगाला जाणार असेल," दाबे जरा घुटमळत म्हणाला, "तर पायांखाली बघून चाला."

"बाण हरवला वाटतं बिचाऱ्याचा," कुणीतरी म्हणालं.

काशे मात्र चहा प्यायचा थांबला. दाबे खाली बसला तो पोटाखाली अंडी असल्यासारखा बसला होता. तपकीर घ्यायला हात लांबवला तो सुद्धा सावकाश, जणू हाताला झोप लागली आहे. विष लागलेलं जनावर रानात असलं की शिकाऱ्याने घाई करायची नसते, नाही तर तेही तिकडे घाईने दूर पळतं. काशेची नजर दाबेच्या भात्याकडे गेली. भात्यातून एक नुसती काडी डोकावत होती, टोक नसलेली. टोक जनावरात राहतं, काडी गळून पडते आणि शिकारी ती उचलून आणतो. त्या काडीच्या बुडाशी तात गुंडाळली होती, एकावर एक चढलेली, ओबडधोबड. अशी तात वस्तीत एकच माणूस गुंडाळत असे.

काशेला आधी आनंद झाला. माझा बाण लागला! तो आनंद चहाच्या एका घोटाइतका टिकला. दुसऱ्या घोटाला त्याच्या लक्षात आलं की बाण लागला तो दाबेकडून. ज्याला उभं झाड मारता येत नव्हतं त्याच्याकडून. उद्या सगळी वस्ती दाबेच्या नेमाला नावं ठेवणार. नेम, तेवढी एकच गोष्ट काशेची स्वतःची होती. बाण दाबेचे, वाटणी त्याची, किटली त्याची. आता नेमही त्याचाच.

वस्तीत हे कळलेला माणूस तो एकटाच. त्याने गप्प बसायचं, एवढंच. दाबे रिवाज सोडून फुशारकी मारणार नाही. पहाटे कुणी गेलं नाही तर उद्याच्या दिवसात तरस, गिधाडं काय ते उरकतील. मग दाबे जन्मभर डावीकडचाच.

पण मग मांसही जाईल. आणि ते मांस काशेचं. जन्मात पहिल्यांदा.

तो झोपडीत पडून राहिला. एका मत्सराने त्याला खाली दाबून धरलं होतं आणि दुसरा त्याला उठवत होता. सागाई म्हणाली, "वळवळतोस काय सारखा? बाहेर जा नाही तर झोप."

तांबडं फुटताच काशे उठला आणि वस्तीच्या मध्ये उभा राहून रागाने म्हणाला, "चला. साडूने जनावर मारलंय."

बो अंथरुणातून म्हणाला, "कुणाच्या साडूने?"

माग सापडला, मग रक्ताचा ठिपका सापडला, आणि ऊन चढता चढता जनावर सापडलं. कुडू जातीचं हरीण होतं, पिळाच्या शिंगांचा नर, इतका मोठा की पुढे असलेला माणूस त्याला आधी वारूळ समजला. खांद्याच्या मागे, जिथे मारावा असं प्रत्येक बाप मुलाला शिकवतो, बरोबर तिथे काशेच्या बाणाचं लोंबतं टोक रुतलं होतं.

मग बोने घसा साफ केला.

"दाबे, याच्यासाठी आम्हाला एवढं चालवलंस? नुसती शिंगंच आहेत. खाली जनावर लावायचं राहून गेलंय."

"बाण कशाला वाया घालवलास?" दुसरा म्हणाला. "शिंकला असतास तरी पडला असता."

"मी म्हातारा माणूस," बो पुन्हा म्हणाला, "सावलीत मस्त पडलो होतो. आता हे चिचुंद्र उचलायला किती जण लागणार?"

"खरंय," दाबे खाली बघत म्हणाला. "इथेच टाकू याला. वाटेत ससा बघू एखादा."

काशे ऐकत होता आणि मोजत होता. त्याने स्वतः पाडलेल्या रानबैलाला बो नुसतं "हडकुळं" म्हणाला होता आणि सुरी मागितली होती. एक शब्द. आणि इथे शिंगं काय, शिंक काय, चिचुंद्र काय. त्याच्यासाठी कुणी कधी चिचुंद्रापर्यंत गेलं नव्हतं.

वस्तीत आल्यावर मांस काशेच्या झोपडीपुढे फांद्यांवर पसरलं. या घटकेची त्याने किती वाट पाहिली होती! तो दाबेसारखा सावलीत बसला. दाबेसारखं मायेने बोलायचं त्याने ठरवलं होतं. पण दाबेला कुणाला दिवस गेलेत, कुणाचे दात गेलेत आणि मागच्या खेपेला कोण रुसलं होतं हे सगळं तोंडपाठ. काशेला जनावरांच्या सवयी ठाऊक होत्या, माणसांच्या नव्हत्या.

"मला मानेचं मांस? मला?" आत्या म्हणाली. "दाबेने मला कायम मांडी दिली."

"हे हाड मी कुठल्या दातांनी खाऊ?" बो म्हणाला.

"मोठ्या जावेला जास्त," कुणी पुटपुटलं.

आधी काशेला वाटलं, हीच ती नावं, आणि तो थोडा फुलला. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की ही नावं नव्हेत, ही खरी कुरकुर आहे. पलीकडे दाबे उताणा पडून मजेत तुकडा चघळत होता. आज त्याला कुणी काही मागत नव्हतं. काशेला त्याचाही हेवा वाटला.

एक तुकडा मात्र त्याने आधीपासून बाजूला काढला होता, छातीचा, दोन बोटं चरबी असलेला. तो त्याने सागाईच्या हाती दिला. "आईला दे."

ख्वाना म्हातारीने तुकडा हातात घेतला, दाबून पाहिला, वास घेतला. काशे श्वास रोखून बसला, कुडूच्या पुढ्यात बसावं तसा.

म्हातारी किटलीला म्हणाली, "चांगलं आहे."

सागाईने खाली पाहिलं. कुणीतरी उगाच शेकोटीत काटकी सारली. चांगलं आहे! परमुलखातून आलेल्या माणसाने बिस्किट पुढे केलं तर म्हणतात तसं, चांगलं आहे. काशेच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"आणि काय ग किटले," म्हातारी पुढे म्हणाली, आणि आता तिचा आवाज मोकळा झाला, "थोरल्याला म्हणे आपोआप मेलेलं जनावर सापडलं, म्हणून त्याने त्यात काडी टोचून ठेवली. त्या काडीची पण दया आली मला."

सगळे हसले. दाबे लाजून पार कुशीवर वळला.

चार दिवसांनी दाबे काशेकडे आला आणि पाय पसरून बसला.

"साडू, तसा बाण आणखी एक दे."

"तसा म्हणजे?"

"तोच, उजवीकडे जाणारा. माझा हात डावीकडे जातो, तुझा बाण उजवीकडे. दोघं मिळून मधे येतात. मी स्वतःसाठी वाकडा करायला किती वर्षं बसलोय, पण हात ऐकत नाही, सरळच होतो." त्याने तपकीर पुढे केली. "तुझी बोटं माझ्याकडे असती तर मी कुणाला विचारलं नसतं."

दाबेचा चेहरा साधा होता. त्यावर चेष्टा नव्हती, आणि काशेने ती पुष्कळ शोधली.

दाबे गेल्यावर तो बाण करायला बसला. उजवीकडे वळणारा करायचा, तर नीट लक्ष द्यायला हवं. त्याने प्रथमच काडी पुरती शेकू दिली. मांडीवर फिरवली. मुद्दाम वाकवायची तर आधी सरळ कुठे आहे ते कळायला हवं, म्हणून एक डोळा मिटून पाहिली. टोक सावकाश ठोकलं, तात ओली करून एकेक वेढा शेजारी शेजारी घेतला. मग बाण उन्हाकडे धरला.

बाण सरळ होता. सकाळच्या उन्हाची तिरीप.

त्याने दुसरी काडी घेतली. तीही सरळ झाली. त्याने चिडून तिसरी घेतली. तो बाण मारून पाहिला, तर रानटरबुजाचं देठ उडालं.

पाण्याचं भांडं घेऊन ख्वाना म्हातारी मागून चालली होती. ती थांबली. काशेच्या पायांपाशी मांडलेले बाण तिने बराच वेळ पाहिले. मग ती आपल्या किटलीपाशी जाऊन बसली, आणि तिचा आवाज वस्तीभर गेला.

"काय ग किटले, धाकट्याचे बाण पाहिलेस? आतड्यासारखे वाकडे."

काशेच्या हातातली काडी निसटली. तो उठून उभा राहिला, पुन्हा बसला. आतड्यासारखे. इतक्या वर्षांनी! तो आत धावला आणि सागाईला हलवून म्हणाला, "ऐकलंस? ऐकलंस काय म्हणाली?"

"ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं," सागाई हसत म्हणाली. "झालं ना मनासारखं?"

"झालं," काशे म्हणाला आणि भिंतीला टेकला. थोडा वेळ तो खरंच सुखात होता.

मग त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"पण थोरल्याला," तो म्हणाला, "आपोआप मेलेलं म्हणाली, काडी म्हणाली, वर दया आली म्हणाली. मला नुसतं आतडं."